लेडीज रूममधली फुफी

२० जून १९७३

ही डायरी अब्बांच्या गॅरेजात ट्रक दुरुस्तीला आणणाऱ्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने दिली आहे आणि ती गेल्या वर्षीची आहे. आजच्या पानावर मंगळवार छापलाय आणि आज आहे बुधवार. रोज वार खोडून लिहावं लागणार. मला या घरात नवं कोरं कधी काही मिळतच नाही.

आज कॉलेजचा पहिला दिवस. प्री-डिग्री आर्ट्स. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, मुलगे धरून. अब्बांनी दोन अटी घातल्या आहेत. पहिली, वार्षिक परीक्षेत सगळ्या विषयांत एका झटक्यात पास व्हायचं. एक विषय जरी राहिला तरी पुस्तकं बंद आणि निकाह. दुसरी अट म्हणजे रहमत फुफी.

फुफी ही अब्बांची थोरली बहीण. चऱ्होलीला दिलेली, तिशीत नवरा गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात असते. निगडीहून पिंपरीला बसने ती माझ्याबरोबर येणार, कॉलेज सुटेपर्यंत बसणार आणि मला घेऊन परत येणार. अब्बा म्हणाले, "बेटा, हायवेवर मी माणसं बघतो रोज. आपा बरोबर असली की मी गॅरेजात निवांत पाने फिरवतो." त्यांना निवांत पाने फिरवता यावेत म्हणून माझी वरात.

फुफीच्या पिशवीत डबा, सुपारी, अडकित्ता, क्रोशाची सुई आणि खाली अंथरायला एक धुतलेलं पोतं. सर हजेरी घेत होते. माझं नाव आलं, आणि मी तोंड उघडायच्या आत दारातून आवाज आला, "हाय, हाय, आलीया."

सगळा वर्ग हसला. सरसुद्धा. मला वाटलं, आजच नापास झाले असते तर बरं झालं असतं.

४ जुलै

फुफी व्हरांड्यात आमच्या खिडकीखाली बसते. आज इंग्रजीच्या तासाला सर कविता समजावत होते, तेवढ्यात खिडकीखालून घोरणं सुरू झालं. आधी हळू, मग ट्रक चढ चढतो तसं. सर थांबले. "हा आवाज कुणाचा?" त्यांनी विचारलं.

मी पुस्तकात मान घातली. सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी सांगितलं नाही. शिपाई धोंडीबा धावत गेला आणि त्याने फुफीला उठवलं, तर ती त्याच्यावरच डाफरली, "जागीच हाय मी. डोळं मिटून आयकत व्हते."

बसमध्ये मी तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलंसुद्धा नाही, कारण ती बसमध्येही झोपली होती.

१६ जुलै

धोंडीबाने फुफीची रवानगी मुलींच्या खोलीत केली. तिला इथे लेडीज रूम म्हणतात. आम्ही साऱ्या कॉलेजात पाच मुली, आणि खोलीत एक बाकडं, एक आरसा नि कोपऱ्यात मोडक्या खुर्च्या. फुफीने धोंडीबाकडून खुर्च्या बाहेर काढवल्या, झाडून घेतलं, माठ आणवला. आता ती तिथे ऐसपैस बसते. मला वाटलं होतं, निदान तिथे ती डोळ्यांआड राहील. पण मधल्या सुटीत माझ्या बरोबरीच्या मुली तिच्याकडे क्रोशा शिकत बसलेल्या असतात आणि मी दारात उभी.

आज निगडी गावातले सोपानराव आले होते. माळकरी माणूस, शेती कंपनीसाठी गेली, आता दूध घालतात. लेडीज रूमच्या दारात उभे राहून त्यांनी फुफीला विचारलं, "तुमी रोज असता का हितं, बाई?"

"रोज. सुट्टी सोडून."

"मंग आमच्या रंभीला घालतो. म्याट्रिक हून घरीच बसलीया. नजर ठिवा."

म्हणजे माझी पहारेकरीण आता भाड्यानेही मिळते. रंभा बरी आहे, हुशार आहे, पण जाता-येता दोघींच्या मध्ये फुफी बसते आणि दोघींना एकदम झापते.

२९ ऑगस्ट

मुली वाढल्या आहेत. आकुर्डीच्या दोन, रावेतची एक, आज आणखी एकीची आई फुफीला भेटून गेली. फुफीला सगळ्यांची नावं, घरं, कुणाच्या पोटात कधी दुखतं तेही पाठ. प्राचार्यांनी तिला नमस्कार केला. मला ते ओळखतही नाहीत. परवा ऑफिसात गेले तर क्लार्क म्हणाला, "तुम्ही रहमतबाईंच्या भाची ना?" फी मी भरते, हजेरी माझी लागते, आणि कॉलेज मात्र फुफीचं.

२० ऑक्टोबर

सहामाही संपली. रोजे चालू आहेत. मी परीक्षेपुरते सोडावेत असं अम्मी म्हणत होती, मी हट्टाने धरले. इंग्रजीच्या पेपराला दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली. फुफीचाही रोजा होता, तरी ती सबंध तीन तास दाराबाहेर उभी राहिली. आतून मला तिचा पदर दिसत होता. उभं राहून काय साधलं? बसली असती तर निदान माझं लक्ष तरी उडालं नसतं.

२९ ऑक्टोबर

काल ईद झाली. दिवाळीला लागूनच आल्यामुळे कॉलेजला सुट्टी आहे. आज दुपारी चाकणहून पाहुणे आले. कांद्या-बटाट्याचे व्यापारी वजीरभाई, त्यांच्या बायको मुमताजबी आणि मुलगा नवाब. मी शीरखुर्मा नेऊन दिला आणि माझी आत रवानगी झाली. पण ते कशाला आले होते, हे न कळण्याइतकी मी लहान नाही.

अब्बांना विचारलं. म्हणाले, "घाई नाही. सहामाहीचा निकाल लागू दे. पास असलीस तर त्यांना सांगू थांबा म्हणून. नापास असलीस तर बोलू."

इंग्रजीचा पेपर कसा गेलाय ते मला माहीत आहे. रात्री जेवण गेलं नाही. नवाब दिसायला वाईट नाही, पण समोर बसून सारखा घड्याळाकडे बघत होता.

पाहुण्यांना बस स्टॉपपर्यंत सोडायला फुफी गेली आणि बऱ्याच वेळाने आली. आल्या आल्या मला म्हणाली, "खैरू, कालिज किती वर्सांचं असतं?"

"हे धरून चार," मी म्हणाले.

"चार," ती म्हणाली आणि भांडी घासायला बसली. म्हणजे अजून तीन वर्षं हा पहारा आहे, असा हिशेब तिने केला असणार.

२२ नोव्हेंबर

निकाल लागला. इंग्रजीत नापास, बाकी सगळ्यात पास. कागद अब्बांच्या हातात दिला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. चाकणचा निरोप येऊ दे, एवढंच म्हणाले.

६ डिसेंबर

चाकणचा निरोप आला. त्यांनी नको म्हटलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण थोडाच वेळ. मला तो नवाब नकोच होता, पण नको मी म्हणायचं होतं. त्यांनी का म्हणावं? अम्मीला खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने अब्बांना न सांगण्याच्या अटीवर सांगितलं. त्या दिवशी बस स्टॉपवर फुफी मुमताजबींना म्हणाली होती, "पोर गुनाची हाय. फकस्त घोरती. लय घोरती. आन झोपंत उटून चालती, म्हनून दाराला कडी घालतो आमी."

मी घोरते. मी. जिच्यामुळे इंग्रजीचा तास बंद पडतो, ती माझ्या नावावर घोरते आहे.

सरळ जाऊन विचारलं, "फुफी, खोटं का बोललीस?"

"म्हातारी झाले," ती लसूण सोलत म्हणाली. "बोलताना तोंडातनं काय बी निगतं."

एवढंच. माफी नाही, काही नाही. मला तर वाटतं, तिच्या वाट्याला संसार आला नाही म्हणून माझंही जमू नये, असं तिच्या मनात असेल. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटतंय ते लिहिलं.

१२ डिसेंबर

फुफीने आणखी एक उद्योग केला. इंग्रजीच्या सरांना लेडीज रूममध्ये बोलावलं, चहा दिला, बरोबर नानकटाई. सर एकटे राहतात, मेसमध्ये जेवतात. खाऊन झाल्यावर म्हणाली, "मास्तर, पोरींना विंग्रजी येत न्हाई. तुमी चांगलं शिकवता, पन तासाला लय भरभर जाता. मला बी कळत न्हाई."

तिला बी. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सर लाजले. उद्यापासून तास सुटल्यावर मुलींना जादा शिकवणार आहेत, लेडीज रूममध्ये, फुफीच्या देखत. मला जादा तास हवाच होता, पण तो असा भीक मागून नको होता.

१९ जानेवारी १९७४

डायरी संपली, म्हणून मागची कोरी पानं वापरते आहे.

आज गॅदरिंग झालं. नाटुकली, गाणी आणि शेवटी फिशपॉन्ड. फिशपॉन्ड म्हणजे चिठ्ठ्या टाकून एकेकाची टर उडवायची आणि ज्याचं नाव येईल त्याने उठून ते घ्यायचं. माझं नाव पुकारलं. मी उठले. वाचणाऱ्याने घसा साफ करून वाचलं:

"भाची आत जागते, फुफी बाहेर घोरते,
सांगा मंडळी, परीक्षेला कोण पहिली येते?"

मांडव हसून हसून पडला. सगळ्यात मोठ्याने हसत होती फुफी. मुलींच्या रांगेत मांडी घालून बसलेली, डोळ्यांना पदर लावून. लोक तिच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते आणि ती हात वर करून त्या घेत होती. मी खाली बसले. माझी एकही गोष्ट माझी म्हणून या कॉलेजात राहिली नाही, टरसुद्धा नाही.

घरी आल्यावर अब्बांना सगळं सांगितलं. व्हरांड्यातलं घोरणं, फिशपॉन्ड, सरांना नानकटाई, आणि शेवटी चाकणचं खोटं. अम्मी मागून खुणा करत होती, तरी सांगितलं.

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपाने मला चाकणवाल्यांपुढे खाली बघायला लावलं."

२१ जानेवारी

फुफीला चऱ्होलीला तिच्या दिराकडे पाठवलं. थोड्या दिवसांसाठी, असं अब्बा म्हणाले. जाताना तिने अडकित्ता पिशवीत घातला. पोतं इथेच ठेवलं, घडी करून दाराशी. मला म्हणाली, "जादा तास चुकवू नकोस."

उद्या मी एकटी कॉलेजला जाणार. पहिल्यांदा.

२२ जानेवारी

गेले नाही. सकाळी डबा भरून निघाले तर अब्बांनी गॅरेजच्या दारातून हाक मारली. "कुठे निघालीस?"

"कॉलेजला."

"कुणाबरोबर?" ते म्हणाले. "आपा नाही तर कॉलेज कुणाच्या भरवशावर? घरी वाच. पेपराला मी नेईन."

मी बसले, रडले, भांडले. काही उपयोग नाही. शिवाय शनिवारी ते चाकणच्या बाजाराला जाणार आहेत, वजीरभाईंना खरं काय ते सांगायला. मीच त्यांच्या हातात सगळं दिलं आहे.

२७ जानेवारी

अब्बा काल चाकणहून आले. आज जेवताना अम्मीला सांगत होते आणि मध्येच त्यांना हसू फुटलं. मुमताजबी त्यांना म्हणाल्या, "भाईजान, फुफी म्हणते पोरगी घोरते, बाप म्हणतो घोरत नाही. आता मी काय तिला झोपवून बघायचं? आम्ही मंचरची मुलगी बघितली." माझ्या लग्नाचा विषय असा निकालात निघाला. अब्बांना हसू येतंय. मला नाही. कॉलेज अजून बंदच आहे.

३१ जानेवारी

रंभाही घरी बसली आहे. मला वाटलं आजारी असेल. संध्याकाळी सोपानराव गॅरेजात आले. मी आतून ऐकत होते.

"नूरभाई, तुमची भन कुठं गेली?"

"गावी गेली आहे, सोपानराव. का हो?"

"का काय इचारता? ती बसायची म्हनून आमी पोरी धाडत व्हतो. त्या रावेतवाल्यानं बी काडली पोरगी. आकुर्डीची एक तेवडी जाती. जादा तासाला कुनीच थांबत न्हाई, मास्तर रोज त्या खोलीत येऊन मोकळं माघारी जातोय म्हनं." जरा थांबून म्हणाले, "आमची रंभी दोन दीस जेवली न्हाई."

अब्बांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही, बाहेर ट्रक चालू केला होता. पण नंतर आत आले आणि मला विचारलं, "किती मुली होत्या त्या खोलीत?"

मी सांगितलं, अकरा.

"आणि आपा यायच्या आधी?"

"पाच."

"हे तू मला त्या दिवशी नाही सांगितलंस," अब्बा म्हणाले. मला राग आला. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

३ फेब्रुवारी

आज रविवार. अब्बांनी एका ट्रकवाल्याला गाठलं आणि आम्ही दोघं चऱ्होलीला गेलो. फुफी दिराच्या अंगणात कांदे निवडत होती. तिच्या जावेने आम्हाला पाणी दिलं आणि आपल्या पोराच्या अंगावर ओरडली. फुफीने मान वर केली नाही.

अब्बा तिच्यासमोर उकिडवे बसले. "आपा, चाकणवाल्यांना खोटं का सांगितलंस?"

फुफीने हातातला कांदा बाजूला टाकला. "मला हितं दिली तवा चवदा वर्साची व्हते, नूर. कुनी इचारलं व्हतं का मला? तवा कुनी तरी म्हनायला पायजे व्हतं, ही पोर घोरती म्हनून."

मला वाटलं ती गंमत करते आहे, म्हणून मी हसले. कुणीच हसलं नाही. अब्बा खाली बघून मातीत काडीने रेघा ओढत होते.

मग फुफी माझ्याकडे वळून म्हणाली, "जादा तास कुटवर आला?"

"मी जातच नाही," मी म्हणाले आणि मला एकदम रडू आलं. का आलं कुणास ठाऊक. उन्हाचा प्रवास बाधला असेल.

फुफीने पदराला हात पुसले आणि पिशवी आणायला आत गेली.

१८ मार्च

अभ्यास. लिहायला वेळ नाही. सर रोज निबंध लिहून घेतात. फुफी समोर बसून सुपारी कातरते, आणि सर कुणाला रागावले की "हळू, मास्तर" म्हणते. डोकं उठतं. पण अकराच्या अकरा आल्या आहेत.

१७ एप्रिल

शेवटचा पेपर संपला. इंग्रजीचं काही सांगता येत नाही. फुफी सगळ्या पेपरांना बाहेर उभी होती. मी म्हणाले, "बस ना खाली." म्हणाली, "बसलं की झोप लागती. घोरले तर तुजा पेपर जायचा."

८ जून

पास. इंग्रजीत अगदी काठावर, पण पास. रंभा दुसऱ्या वर्गात पास.

फलकापुढे गर्दी होती. फुफीला वाचता येत नाही, म्हणून तिने मला एकेकीचं नाव शोधायला लावलं. माझं सापडल्यावर मी घरी निघायच्या तयारीत होते, तर म्हणते, "थांब, रावेतवालीचं बग. ती झाली का? आकुर्डीच्या दोगी?" अकरा नावं बघून होईपर्यंत उन्हात उभं केलं मला. दोघी राहिल्या. फुफी त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि मला घरी जायला दुपार झाली.

१८ जून

अब्बांनी मला नवी डायरी दिली. चालू वर्षाची, अर्धी कोरी गेलेली, पण वार बरोबर आहेत.

रात्री जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "आता खैरू मोठी झाली. शब्द पाळला तिने. यंदापासून एकटी गेली तरी चालेल." अम्मीने माझ्या पाठीवर हात ठेवला. वर्षभर मी याच एका वाक्याची वाट बघत होते.

फुफी म्हणाली, "बरं झालं. माजं गुडगं सुटलं." आणि ताटं गोळा करायला उठली.

१९ जून

सकाळी उठले तर फुफीने पिशवी रिकामी केली होती. क्रोशाची सुई डब्यात, अडकित्ता खिडकीत. पोतं धुऊन दोरीवर वाळत घातलेलं. आता ते अम्मी पाय पुसायला घेणार म्हणाली. फुफी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. फुफी रोजच भाकऱ्या थापते, यात लिहिण्यासारखं काही नाही. तरी माझा दिवसभर जीव नुसता चिडचिडला. मोकळीक मिळाल्यावर माणसाने आनंदात असावं, पण मला कशातच लक्ष लागेना. शेवटी संध्याकाळी अब्बांपुढे जाऊन उभी राहिले.

"अब्बा, मला एकटीला जायचं नाही."

"का? काय झालं?"

"मला बसमध्ये झोप लागते," मी म्हणाले. "आणि मी झोपेत उठून चालते. चाकणपर्यंत सगळ्यांना माहीत आहे."

अब्बांनी हातातला पाना खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे फुफी उभी होती, हाताला पीठ.

"मग आपा," अब्बा म्हणाले, "तुलाच जावं लागणार."

"या पोरीच्या पायी मला जरा म्हनून सुक न्हाई," फुफी म्हणाली आणि दोरीवरचं पोतं काढायला गेली. ते अजून ओलंच होतं.

२० जून १९७४

एफ. वाय.चा पहिला दिवस. पहिला तास नव्या सरांचा. लेडीज रूमला रंग देताहेत, म्हणून फुफी पुन्हा खिडकीखाली बसली होती. दहा मिनिटं झाली नसतील, घोरणं सुरू झालं. सर थांबले. "हा आवाज कुणाचा?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आमच्या फुफीचा आहे, सर."

सर म्हणाले, "बसा." मी बसले आणि तास पुढे चालू झाला.